उलट्या धारेची तलवार: ‘केनशिन’ बघताना पडणारे प्रश्न

जपानी ॲनिमेशन मालिकांना, म्हणजे ॲनिमेंना, आता आपल्याकडेही भरपूर प्रेक्षक आहेत. ‘रुरोनी केनशिन’ ही त्यातली जुनी आणि गाजलेली मालिका. २०२३ साली ती नव्याने काढली गेली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचा दुसरा सीझन सुरू झाला. मुलांच्या शेजारी बसून दोन-चार भाग बघणाऱ्या मोठ्यांचा मात्र गोंधळ उडतो. नायक सामुराई आहे म्हणावं, तर पोलीस त्याच्या कमरेची तलवार बघून त्याला पकडायला येतात. तलवार आहे म्हणावं, तर ती कापत नाही. मारामारी संपली की हा तलवारबहाद्दर अंगणात बसून सगळ्यांचे कपडे धुतो. हे सगळं काय आहे?

लेखकाची लहर म्हणून हे सोडून देता येईल, पण त्यातल्या बऱ्याच गोष्टींना इतिहासाचा पक्का आधार आहे. तलवारीच्या बाबतीत लेखकाने थोडी लबाडी केली आहे. तिच्याकडेही येऊ.

हा केनशिन आहे तरी कोण?

गोष्ट १८७८ सालच्या तोक्योत सुरू होते. हिमुरा केनशिन अठ्ठावीस वर्षांचा, बुटका, तांबूस केसांचा, डाव्या गालावर फुलीच्या आकाराचा व्रण असलेला भटक्या. दहा वर्षांपूर्वीच्या यादवीत तो जुनी राजवट उलथवणाऱ्यांच्या बाजूने, वरून आलेल्या हुकमाप्रमाणे माणसं मारत असे. अशा राजकीय मारेकऱ्याला जपानीत ‘हितोकिरी’ म्हणत. त्याची बाजू जिंकली. नव्या सरकारात मानाची जागा मिळाली असती, पण तो रणांगणातूनच निघून गेला. पुन्हा कुणाचा जीव घेणार नाही अशी शपथ घेऊन दहा वर्षं गावोगाव फिरला आणि शेवटी कामिया काओरू नावाच्या तरुणीच्या तालमीत मुक्कामाला राहिला. काओरूच्या तालमीला शिष्य नाहीत. १८७८ साली तलवारबाजी शिकून करायचं काय, हा प्रश्न तेव्हा सगळ्यांनाच पडला होता.

नोबुहिरो वात्सुकी यांनी ही कथा १९९४ ते १९९९ या काळात चित्रकथेच्या रूपात लिहिली. पहिली ॲनिमे १९९६ साली आली.

सामुराई असे अचानक गेले कुठे?

सामुराई म्हणजे ‘जपानी योद्धा’ एवढंच आपल्याला ठाऊक असतं. १६०३ पासून तोकुगावा घराण्याच्या राजवटीत मात्र तो जन्माने मिळणारा दर्जा होता. बायकापोरं धरून लोकसंख्येच्या साधारण ५ ते ६ टक्के लोक या वर्गातले. कमरेला लांब आणि आखूड अशा दोन तलवारी लावण्याचा मान त्यांचा, आणि धन्याकडून तांदळाच्या हिशेबात तनखाही त्यांनाच. अडीचशे वर्षं देशात मोठं युद्ध झालं नाही, त्यामुळे यातले कितीतरी जण प्रत्यक्षात कारकुनी करत होते. हिशेब लिहायचे, कोठारं सांभाळायची, कागदावर शिक्के मारायचे. तलवार कमरेला असायची, पण ती दर्जा दाखवण्यापुरती.

१८५३ साली अमेरिकेच्या चार युद्धनौका जपानच्या किनाऱ्याला लागल्या आणि राजवटीचा दुबळेपणा उघडा पडला. पुढची पंधरा वर्षं कारस्थानं, खून आणि लढायांची. १८६८ साली शोगुनची, म्हणजे लष्करी सत्ताधीशाची, राजवट संपली आणि सम्राटाच्या नावाने नवं सरकार आलं. हा मेइजी काळ.

इथे गंमत अशी की हे सरकार आणणारेही सामुराईच होते, मुख्यतः सात्सुमा आणि चोशू या दोन संस्थानांतले. सत्तेवर आल्यावर त्यांनी स्वतःचाच वर्ग मोडीत काढला. १८७१ साली संस्थानं खालसा झाली. त्याच वर्षी शेंडी कापायला आणि तलवारीविना फिरायला मुभा मिळाली. १८७३ साली सक्तीची लष्करभरती आली आणि शेतकऱ्याच्या पोराच्या हातात बंदूक गेली. २८ मार्च १८७६ रोजी तलवार लावून फिरण्यावर बंदी आली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तनखे बंद करून बदल्यात सरकारी रोखे हातात दिले गेले.

कारण साधं होतं. तिजोरीचा मोठा हिस्सा या तनख्यांवर उडत होता, आणि कवायती फौज हाताशी आल्यावर पिढीजात योद्ध्यांची गरजच उरली नव्हती. रोख्यांच्या पैशातून अनेकांनी दुकानं टाकली आणि बुडवली. ‘सामुराईचा धंदा’ ही हमखास बुडणाऱ्या व्यवहाराची जपानी म्हण तेव्हापासूनची.

सगळ्यांनी हे निमूट सोसलं नाही. १८७४ साली सागात बंड झालं, १८७६ साली कुमामोतोत आणि हागीत. १८७७ साली सात्सुमात सर्वांत मोठं बंड पेटलं, आणि त्याचा पुढारी साइगो ताकामोरी हा या सरकारच्या संस्थापकांपैकीच एक! सप्टेंबरमध्ये तो मारला गेला आणि सामुराईंचं शेवटचं बंड संपलं. केनशिन तोक्योत येतो तो यानंतर काही महिन्यांनी. तो दोन राजवटींच्या सांध्यावर उभा आहे हे एकदा लक्षात आलं की मालिकेतले निम्मे संवाद आपोआप उलगडतात. कुणी ‘जुने दिवस’ म्हणून उसासा टाकतो, कुणी नव्या सरकारवर थुंकतो, कुणी तलवार विकून सावकाराला देतो. ही सगळी माणसं त्या वर्षांत खरोखर होती.

मग पोलीस त्याला का अडवतात?

१८७६ च्या त्या हुकमाला ‘हाइतोरेई’ म्हणतात. त्यात तीनच सवलती होत्या: दरबारी पोशाखातले अधिकारी, गणवेशातले सैनिक आणि गणवेशातले पोलीस. बाकी कुणीही तलवार लावून बाहेर पडायचं नाही. शिक्षा काय, तर तलवार जप्त. घरात तलवार ठेवायला बंदी नव्हती. बंदी होती ती मिरवायला, आणि सामुराईला नेमकं तेच झोंबलं.

म्हणजे केनशिन रस्त्याने जातो तेव्हा तो उघडउघड कायदा मोडत असतो. त्याला हटकणारा पोलीसही बहुधा कालपरवापर्यंत सामुराईच असायचा, कारण बेकार झालेल्यांना पोलीस खात्यात पुष्कळ जागा मिळाल्या होत्या. कालपर्यंत दोघांच्या कमरेला तलवार होती. आज एकाचीच कायदेशीर, तीही गणवेश आहे म्हणून. मालिकेतले काही पोलीस या फरकाचा माज करतात. मला ते प्रसंग मोठ्या लढायांपेक्षा जास्त खरे वाटतात.

उलटी धार म्हणजे नेमकं काय?

आता मुख्य मुद्दा. जपानी तलवारीला, म्हणजे कातानाला, एकाच बाजूला धार असते आणि पातं किंचित बाकदार असतं. धार बाकाच्या बाहेरच्या अंगाला, बोथट पाठ आतल्या अंगाला. केनशिनच्या तलवारीत हे नेमकं उलटं आहे. आपला विळा डोळ्यांसमोर आणा: धार आतल्या बाजूला, पाठ बाहेर. ‘साकाबातो’ म्हणजे विळ्यासारखी आतून धार असलेली काताना. केनशिन नेहमीसारखा वार करतो तेव्हा समोरच्याला लागते ती पाठ. हाड मोडतं, माणूस कोसळतो, पण चिरला जात नाही. आणि केनशिनला मारायचंच असेल, तर तलवार हातात फिरवली की झालं. लेखकाला हवं ते इथेच आहे. शपथ मोडणं मनगटाच्या एका वळणाइतकं सोपं ठेवलंय, म्हणून ती पाळणं दर वेळी नव्याने ठरवावं लागतं.

अशी तलवार खरंच घडवता येईल का? येईल, पण लोहाराला घाम फुटेल. काताना घडवण्यातला कळीचा टप्पा म्हणजे पाणी देणं. पात्यावर ओली माती लिंपतात, पाठीवर जाड आणि धारेवर पातळ. मग पातं लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवतात. धार झटक्यात थंड होऊन कडक होते. जाड मातीखालची पाठ सावकाश थंड होते आणि जरा मऊ, लवचीक राहते. कडक होताना धारेकडचं पोलाद किंचित फुगतं, म्हणून पातं पाठीकडे वाकतं. कातानाचा तो देखणा बाक बराचसा याच क्षणी येतो. लोहार पातं पाण्यातून काढतो तेव्हा ते जाताना होतं त्यापेक्षा जास्त वाकलेलं असतं.

साकाबातोच्या बाबतीत हाच नियम आड येतो. धार आत हवी, पण पाणी दिलं की पोलाद तिला बाहेर ढकलणार. म्हणजे लोहाराला पातं आधीच गरजेपेक्षा जास्त वाकवून ठेवावं लागेल आणि पाण्यात ते सरळ व्हायला निघाल्यावर नेमकं हवं तेवढं थांबेल अशी आशा करावी लागेल. शिवाय पाठीने जोरात वार केला की ताण येतो तो मागच्या बाजूला, म्हणजे कडक आणि ठिसूळ धारेवर. तिथे तडा जायचा धोका मोठा. मालिकेत केनशिनची तलवार एकदा मधोमध तुटते. लेखकाच्या मनात काही असो, पोलादाच्या दृष्टीने ते अगदी रास्त आहे.

म्यानातून निघतानाच वार, हा प्रकार खरा का?

खरा, आणि चांगला जुना. तलवार उपसणं आणि वार करणं या दोन हालचाली एकात गुंफण्याच्या विद्येला ‘बातोजुत्सु’ किंवा ‘इआइ’ म्हणतात. तिचा आद्य पुरुष म्हणून सोळाव्या शतकातल्या हायाशिझाकी जिन्सुके याचं नाव घेतात. जपानमध्ये आणि बाहेरही लोक ती आजही शिकतात.

काताना कमरेला लावतात ती धार वर करून. उजवा हात मुठीवर जातो, डावा हात म्यानाच्या तोंडाशी. उजवा हात पुढे ओढतो, त्याच वेळी डावा हात म्यान मागे खेचतो. दोन्ही हात विरुद्ध दिशांना गेल्यामुळे पातं निम्म्या वेळात मोकळं होतं आणि बाहेर पडता पडताच वार बसतो. पातं सरकत असताना त्याची पाठच म्यानाच्या लाकडाला टेकलेली ठेवायची, धार टेकू द्यायची नाही, ही पहिली शिस्त. टेकली तर म्यान आतून चिरतं.

तलवार परत म्यानात घालताना तर ही शिस्त आणखी कामाची. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी म्यानाच्या तोंडाशी चिमटीसारखी धरतात, त्या चिमटीवरून पात्याची पाठ सरकवत नेतात, टोक आलं की ते बरोबर म्यानाच्या तोंडात उतरतं. न बघता तलवार आत जाते ती अशी. आता त्या पाठीच्या जागी साकाबातोची धार आहे असं समजा. पहिल्याच दिवशी अंगठ्याच्या बेचक्यात टाके! केनशिन दर लढाईनंतर झोकात तलवार म्यान करतो तेव्हा मला त्याच्यापेक्षा त्याच्या डाव्या हाताची काळजी वाटते. बातोजुत्सुतल्या सगळ्यात पटाईत माणसाला लेखकाने त्या विद्येला सगळ्यात गैरसोयीचं हत्यार दिलंय. हे अजाणता झालं असेल असं मला वाटत नाही.

पण लोखंडी दांडक्यानेही माणूस मरतोच की!

हा आक्षेप बिनतोड आहे. काताना साधारण किलो-सव्वा किलो वजनाची. तेवढं पोलाद पूर्ण जोराने डोक्यात बसलं तर कवटी फुटते. धार कुठल्या बाजूला होती हे नंतर विचारून उपयोग नाही. लाकडी तलवारही जीव घेऊ शकते हे जपान्यांना पक्कं ठाऊक होतं. परंपरेने चालत आलेल्या हकिकतीनुसार मियामोतो मुसाशीने १६१२ साली सासाकी कोजिरोला लाकडी तलवारीनेच मारलं. म्हणून तर अठराव्या शतकात तालमींमधून बांबूची तलवार आणि चिलखती शिरस्त्राण रुळलं. आजच्या केंदोत, म्हणजे जपानी तलवारबाजीच्या खेळात, दिसतं ते तेच.

तेव्हा केनशिनच्या हातून दहा वर्षांत एकही माणूस मेला नाही, हे मानायला पात्याची करामत पुरेशी नाही. त्याचं कौशल्यच इतकं आहे की कुठे आणि किती जोराने मारायचं हे तो क्षणात ठरवतो, असं गृहीत धरावं लागतं. पाठीने मारणं हा प्रकार जपानी ऐतिहासिक नाट्यांत पूर्वीपासून आहे. लेखकाने तीच गोष्ट पात्यातच कायमची बसवून टाकली.

असा मारेकरी प्रत्यक्षात होता का?

होता. लेखकानेच सांगितलं आहे की केनशिनसाठी त्याने कावाकामी गेन्साई याचा आधार घेतला. गेन्साई कुमामोतोचा, शरीराने लहानखुरा, गोरा, दुरून बाई वाटावी असा. १८६४ साली क्योतोत भरदिवसा त्याने साकुमा शोझान या विद्वानाला घोड्यावरून जाताना मारलं. शोझानचा दोष एवढाच, की परदेशांसाठी जपानची दारं उघडावीत असं तो म्हणत होता.

मात्र दोघांच्या पुढच्या वाटा वेगळ्या. केनशिनला पश्चात्ताप होतो आणि तो भटकायला लागतो. गेन्साई ‘परकीयांना हाकला’ या मतावर शेवटपर्यंत अडून बसला. ज्या सरकारसाठी माणसं मारली, तेच सरकार आता परकीयांशी करार करत होतं. त्या सरकारला तो अडचणीचा झाला आणि १८७२ साली त्याचा शिरच्छेद झाला. मालिकेतला खलनायक शिशिओ आठवा: सरकारने वापरून घेतलेला आणि मग जाळून टाकलेला मारेकरी. माझ्या मते खऱ्या गेन्साईचं नशीब लेखकाने केनशिनला न देता त्याच्या शत्रूला दिलंय.

साइतो हाजिमे हे पात्र तर थेट इतिहासातून आलंय. जुन्या राजवटीच्या बाजूने क्योतोत गस्त घालणाऱ्या शिन्सेन्गुमी दलाचा हा तुकडीप्रमुख. राजवट पडल्यावर त्याने फुजिता गोरो असं नाव घेतलं, पोलिसात भरती झाला, १८७७ च्या बंडात सरकारच्या बाजूने लढून जखमी झाला, म्हातारपणी एका संग्रहालयात पहारेकरी म्हणून काम केलं आणि १९१५ साली वारला. मालिकेत तो पोलिसांच्या गणवेशात सिगारेट ओढत येतो तेव्हा अनेकांना ही कल्पनाशक्तीची भरारी वाटते. पोलिसाची नोकरी तरी अस्सल आहे.

आणि मे १८७८ मध्ये गृहमंत्री ओकुबो तोशिमिची यांची तोक्योत झालेली हत्या हीही खरी घटना. ती माजी सामुराईंच्या एका टोळीने केली. मालिकेत हे काम शिशिओच्या माणसाच्या नावावर घातलंय. कुठल्याही परीक्षेत ते लिहू नका.

केनशिन मुळात सामुराई आहे का?

जन्माने नाही. कथेप्रमाणे तो अनाथ झालेला, गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडलेला शेतकऱ्याचा मुलगा. हिको सेइजुरो नावाच्या गुरूने त्याला वाचवलं, नाव दिलं, तलवार शिकवली. ही शिकवलेली पद्धत काल्पनिक आहे. बोलतो मात्र तो जुन्या वळणाचं, स्वतःला कमी लेखणारं सामुराईचं जपानी.

इतिहासात हेही बसतं. १८६३ साली चोशूत ताकासुगी शिन्साकूने शेतकरी, व्यापारी, कुणालाही घेणारी किहेइताई नावाची फौज उभारली. केनशिनही कथेत तिथूनच उचलला जातो. पलीकडच्या बाजूला शिन्सेन्गुमीचा प्रमुख कोन्दो इसामी आणि त्याचा उपप्रमुख हिजिकाता तोशिझो हे दोघेही शेतकरी घरातले. सामुराईपणासाठी सर्वांत कडवेपणाने लढलेल्यांत बरेच जण असे बाहेरून आलेले होते. जन्माने सामुराई असलेले मात्र पुढे काही वर्षांत रोख्यांच्या भावाची चौकशी करू लागले.

आणि ती विद्या? ती मेली का?

मरता मरता वाचली. साकाकिबारा केन्किची या नामांकित गुरूने १८७३ साली तोक्योच्या आसाकुसा भागात तिकीट लावून तलवारबाजीचे सामने भरवले. जुन्या लोकांनी नाकं मुरडली, पण गुरूंची चूल पेटली. १८७७ च्या बंडात पोलिसांच्या तलवारधारी तुकडीने बंदुकीच्या जमान्यातही कामगिरी बजावली, तेव्हा सरकारचे डोळे उघडले. तोक्योचे पोलीसप्रमुख कावाजी तोशियोशी यांनी पोलिसांना तलवारबाजी शिकवावी असा आग्रह धरला. आजचं केंदो पोलीस खात्याच्या आधारानेच तगलं, आणि जपानी पोलीस आजही त्यात दबदबा राखून आहेत.

बघायचं तर कुठून सुरू करावं?

नव्याने बघणाऱ्याने २०२३ ची आवृत्ती घ्यावी. ती मूळ चित्रकथेला धरून चालते. १९९६ ची मालिका आवडली तर क्योतोचं, म्हणजे शिशिओशी झुंजीचं, प्रकरण संपेपर्यंत बघा. पुढचे भाग चित्रकथेत नाहीत, आणि ते जाणवतं. केनशिनच्या मारेकरीपणाची वर्षं १९९९ साली निघालेल्या चार भागांच्या छोट्या मालिकेत आहेत. ती सर्वांत उत्तम आणि सर्वांत रक्तबंबाळ, त्यामुळे लहान मुलांना शेजारी बसवू नका. त्यात केनशिनच्या हातात साकाबातो नाही. साधी काताना आहे, आणि ती कापते.